घरातल्या व्हीआर हेडसेटवर बाबांची फील्ड टेस्ट करता येईल का?

वाशिष्ठीकाठ | शनिवार, रात्री १०:५२

माझे बाबा ७१ वर्षांचे आहेत. ते आणि आई चिपळूणला असतात, मी पुण्यात. चार वर्षांपूर्वी वाचायचा चष्मा बदलायला म्हणून गेले, तर डॉक्टरांनी आत बघून सांगितलं की दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे, डाव्यात जास्त. तोवर त्यांना काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं. पेपर वाचत होते, स्कूटर चालवत होते. तेव्हापासून रोज रात्री थेंब, आणि दर सहा महिन्यांनी पुण्याला येऊन डोळ्याचं प्रेशर आणि फील्ड टेस्ट, म्हणजे समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं त्याची तपासणी.

या फील्ड टेस्टची त्यांनी धास्तीच घेतली आहे. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. मोठ्या पांढऱ्या अर्धगोलासमोर बसायचं, हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं. एक डोळा झाकलेला. मधल्या पिवळ्या दिव्याकडे एकटक बघत राहायचं आणि आजूबाजूला कुठे ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. बाबांना मानेचा त्रास आहे. पहिला डोळा संपेपर्यंत ते घामाघूम होतात. म्हणतात, "ठिपका दिसतोय की मला भास होतोय तेच कळत नाही गं, मग उगाच दाबत सुटतो." मागच्या वेळी रिपोर्ट भरवशाचा नाही म्हणून सगळी टेस्ट परत करायला लागली. पहाटे निघून कुंभार्ली घाट चढून आलेला माणूस संध्याकाळी अगदी गळून गेला होता.

माझ्या मुलाने इंटर्नशिपच्या पैशातून क्वेस्ट ३ हा व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवून आभासी दृश्यं बघायचा) घेतला आहे. गेल्या महिन्यात तो आजोळी घेऊन गेला आणि आजोबांच्या डोक्यावर चढवला. समुद्राच्या तळाचं काहीतरी लावलं होतं. बाबा आरामखुर्चीत पाठ टेकून वीस मिनिटं बघत बसले, मान दुखल्याचं नाव नाही. तेव्हापासून माझ्या डोक्यात घोळतंय. हेच यंत्र ठिपके दाखवू शकतं, बटण हातात आहेच, मग ही तपासणी घरी का होऊ नये? शोधलं तर डोळे तपासून देतो म्हणणारी अ‍ॅप्सही दिसली. चष्म्याचा नंबरही त्यावरच निघाला तर बाबांची एक खेप वाचेल.

कुणी असं काही केलं आहे का? जाणकारांनी कृपया सांगावं. मनापासून विचारते आहे.

---

समीर_ह | शनिवार, रात्री ११:३०

ताई, मी गेली सहा वर्षं हेडसेटसाठी सॉफ्टवेअर लिहितो (वैद्यकीय नाही, कारखान्यातल्या प्रशिक्षणाचं). डोळ्यांचं मला कळत नाही, पण यंत्राचं कळतं, तेवढं सांगतो.

नंबरचा विचार सोडून द्या. हेडसेटचा पडदा डोळ्यापासून चार बोटांवर असला तरी मधल्या भिंगांमुळे चित्र सव्वा-दीड मीटरवर असल्यासारखं डोळ्याला वाटतं. तुम्ही आत डोंगर बघा नाहीतर हातातला कप, डोळ्याचा फोकस त्याच अंतरावर. अंतर बदलताच येत नसेल, तर लांबचं कसं दिसतं आणि जवळचं कसं दिसतं हे त्यावर वेगवेगळं तपासणार कसं?

दुसरं म्हणजे पिक्सेल. क्वेस्ट ३ मध्ये नजरेच्या एका अंशात साधारण २५ पिक्सेल (चित्र बनवणारे बारीक ठिपके) बसतात. बाजारातल्या स्वस्त हेडसेटमध्ये याहून कमी. डोळा किती बारीक बघू शकतो ते इथले डॉक्टर सांगतील, पण माझ्या अंदाजाने डोळा यंत्राच्या पुढे आहे.

---

चष्मेघर_नाशिक | रविवार, सकाळी ७:१५

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, १४ वर्षं रोज नंबर काढतो. समीररावांचा अंदाज अगदी बरोबर आहे, त्याला आकडे जोडतो.

आपल्याकडचा ६/६ म्हणजे सहा मीटरवरून जे अक्षर वाचता यायला हवं ते वाचता येणं. ते अक्षर सहा मीटरवर पावणेनऊ मिलिमीटर उंच असतं आणि डोळ्याशी ५ कलांचा कोन करतं. त्यातली एकेक रेघ १ कला जाडीची. एका अंशाच्या ६० कला. म्हणजे ती रेघ दाखवायला अंशाला निदान ६० पिक्सेल हवेत. २५ असतील तर एक पिक्सेलच जवळजवळ अडीच कलांचा झाला. त्या पडद्यावर सगळ्यात बारीक जे अक्षर धड काढता येईल ते ६/१५ च्या आसपासचं. त्याच्या खालच्या ओळी माणसाला दिसत नाहीत की यंत्रालाच दाखवता येत नाहीत, हे सांगायला मार्ग नाही.

आणि सव्वा मीटरवरच्या फोकसची गंमत नव्हे, धोका सांगतो. ज्या मुलाला पाऊण नंबर मायनस आहे, त्याला बरोबर त्याच अंतरावर चष्म्याशिवाय लख्ख दिसतं. वर्गात फळा पुसट दिसतो, पण हेडसेटमध्ये सगळं स्वच्छ. आईबाप म्हणणार, बघ, डोळे ठणठणीत आहेत! उलट तुमच्या बाबांच्या वयाला डोळ्याचं भिंग आतून फोकस बदलू शकत नाही. लांबचा नंबर अगदी अचूक असला तरी त्यांना तिथे किंचित पुसटच दिसणार.

नंबरसाठी जवळच्या चष्म्याच्या दुकानात जा. आधी मशीनवर अंदाज घेतात, मग ट्रायल फ्रेममध्ये एकेक काच बदलून "आता बरं की आधी बरं" विचारतात. ही दुसरी पायरी गाळून फक्त मशीनची चिठ्ठी देत असतील तर दुसरं दुकान बघा. चिपळूणला हे नक्की होईल.

फील्डचं मात्र वेगळं आहे. तुम्ही विचारलंत ते वेडगळ नाही, उलट नेमक्या ठिकाणी बोट ठेवलंत. दुकान उघडायचं आहे, रात्री सविस्तर लिहितो.

---

गोदाकाठी | रविवार, दुपारी १२:४०

नाशिकचा विषय निघाला म्हणून. घरच्या घरी नंबर काढायच्या प्रयत्नात आपल्या नाशिकच्याच माणसाचा मोठा वाटा आहे. रमेश रासकर, शिक्षण पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजात, मग अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये. त्यांच्या गटाने २०१० मध्ये 'नेत्रा' नावाचं साधन मांडलं. फोनच्या पडद्यावर एक छोटं भिंगाचं नळकांडं लावायचं, आत दोन रेघा दिसतात, त्या एकमेकींवर येईपर्यंत बटणं दाबायची. किती सरकवावं लागलं त्यावरून नंबर. त्यात अक्षरं वाचायचीच नसतात, त्यामुळे पिक्सेलची अडचण निराळ्या वाटेने सोडवली होती. नाशिकमध्ये कुंभमेळ्याच्या निमित्ताने त्यांनी तरुण पोरांना घेऊन शिबिरं घेतली, तेव्हा मी कॉलेजात होतो. फार अभिमान वाटतो.

---

चष्मेघर_नाशिक | रविवार, रात्री ९:५०

गोदाकाठी, बरोबर. नेत्राचं तत्त्व सुंदर आहे. पण रेघा जुळवताना पेशंट डोळा ताणतो, विशेषतः लहान मुलं, आणि मायनस नंबर जास्त येतो. मुलांच्या डोळ्यात थेंब घालून तपासतात ते ह्यासाठीच.

आता फील्ड. आधी एक प्रयोग करा, सगळ्यांनीच. पांढऱ्या कागदावर दोन टिकल्या लावा, आडव्या ओळीत, ८ सेंटिमीटर अंतरावर. डावा डोळा झाका. उजव्या डोळ्याने डावीकडच्या टिकलीकडे एकटक बघा आणि कागद हळूहळू पुढे-मागे करा. साधारण वीतभरापेक्षा थोडं जास्त, ३० सेंटिमीटरवर आला की उजवीकडची टिकली नाहीशी होते. तिथे काळा डाग दिसत नाही, खळगा दिसत नाही. नुसता पांढरा कागद. डोळ्याची नस जिथून बाहेर पडते तिथे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर बघणाऱ्या पेशीच नाहीत, आणि मेंदू ती जागा आजूबाजूच्या रंगाने भरून टाकतो.

काचबिंदूत नस सुकत जाते तशा अशाच जागा वाढत जातात आणि मेंदू त्या तशाच भरत राहतो. म्हणून तुमच्या बाबांना काही कळलं नाही. दक्षिण भारतात गावोगावी जाऊन ज्या पाहण्या झाल्या, त्यांत काचबिंदू असलेल्या दहांपैकी नऊ जणांना आपल्याला तो आहे हे माहीतच नव्हतं.

फील्ड टेस्ट म्हणजे या टिकलीच्या प्रयोगाचं मोठं रूप. नेहमीच्या टेस्टमध्ये मधल्या भागात ५४ जागी ठिपके दाखवतात. ठिपका नुसता दाखवत नाहीत, तो कमी-कमी प्रकाशाचा करत जातात, तुम्हाला दिसेनासा होईपर्यंत. बाबांना हे नक्की सांगा. चांगल्या डोळ्याच्या माणसालाही जवळजवळ निम्मे ठिपके दिसत नाहीत, टेस्टच तशी बांधलेली आहे. "मला दिसत नाहीये" म्हणून घाबरून उगाच बटण दाबणं, हेच रिपोर्ट बिघडायचं सगळ्यात मोठं कारण. आणखी एक, हे बऱ्याच ठिकाणी सांगतच नाहीत: हम्फ्री मशीनवर (तेच ते अर्धगोलाचं नेहमीचं यंत्र) बटण दाबून धरलं की टेस्ट थांबते. डोळे मिटा, मान हलवा, दम घ्या, बटण सोडलं की पुढे सुरू. टेबलाची उंचीही बदलते. वाकून बसावं लागत असेल तर टेक्निशियनला स्पष्ट सांगा.

डोक्यावर घालून फील्ड करायची यंत्रं खरोखरची आहेत, आपल्या देशातही बनतात. चेन्नईत बनलेलं एव्हीए आहे. सी-थ्री फील्ड अ‍ॅनालायझर म्हणून एक आहे, त्याची पुदुच्चेरीच्या अरविंद नेत्र रुग्णालयात हम्फ्रीशी तुलना करून निष्कर्ष २०२० मध्ये छापून आले. हनुवटी टेकवायला नको, अंधारी खोली नको, व्हीलचेअरवर किंवा पलंगावर टेकूनही करता येते. पण ती यंत्रं म्हणजे खेळायचा हेडसेट आणि त्यावर उतरवलेलं अ‍ॅप नव्हे. प्रत्येक ठिपक्याचा प्रकाश मोजून बसवलेला असतो, आणि तुमचं उत्तर त्याच वयाच्या निरोगी माणसांच्या उत्तरांशी ताडून बघतात. ही ताडायची माहिती नसेल तर 'दिसला', 'नाही दिसला' याला काही अर्थ उरत नाही.

---

समीर_ह | रविवार, रात्री १०:३५

प्रकाशाचं मी बोलू शकतो. घरगुती हेडसेटचा पडदा शंभर निट्सच्या (प्रखरतेचं माप) आसपास. हम्फ्रीच्या सगळ्यात प्रखर ठिपक्याची माहिती वाचली, ती तीन हजारांच्या वर जाते. तीसपट फरक. म्हणजे डोळ्याचा जो भाग बराच खराब झाला आहे, तिथे आपला पडदा पूर्ण जोर लावूनही काही दाखवू शकणार नाही. तिथे अजून थोडी नजर शिल्लक आहे की सगळी गेली, हा फरक कळणार नाही. शिवाय बॅटरी उतरली की, यंत्र तापलं की, आपोआप ब्राइटनेस बदलला की आकडे हलणार.

आणि क्वेस्ट ३ मध्ये नजरेचा माग ठेवणारे कॅमेरे नाहीत. बाबांनी मधला ठिपका सोडून चमकलेल्या ठिपक्याकडे बघितलं (सगळेच बघतात, मी स्वतः दहा वेळा बघितलं), तर यंत्राला पत्ताच लागणार नाही.

---

धारणीचे_गुरुजी | सोमवार, सकाळी ६:२०

सगळं वाचलं. पटतंही. पण एक कळकळीने विचारतो. मी मेळघाटात शिक्षक आहे. इथून अमरावतीला डोळे दाखवायला जायचं तर अख्खा दिवस जातो, मजुरी बुडते, सोबत एक माणूस लागतो. त्यामुळे लोक जातच नाहीत. आंधळं व्हायला लागलं की "वय झालं" म्हणतात. तुम्ही शंभर टक्के अचूक यंत्राची वाट बघा म्हणता, इथे शून्य टक्के तपासणी आहे. सत्तर टक्के अचूक यंत्र एका पिशवीतून गावात आलं तर ते शून्यापेक्षा बरं नाही का?

---

निशिगंध_नेत्र | सोमवार, रात्री ८:०५

मी डोळ्यांची डॉक्टर आहे, काचबिंदूचेच पेशंट जास्त बघते. गुरुजींचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, त्यामुळे आधी त्यांना उत्तर देते.

गुरुजी, हो. बरं आहे. पण दोन अटींवर. एक, ते यंत्र जिच्या हातात आहे त्या व्यक्तीला ते चालवायचं शिक्षण हवं. दुसरी अट मोठी: यंत्राने "इथे काहीतरी गडबड आहे" म्हटलं की त्या माणसाला पुढे नेणारा कुणीतरी हवा. नाहीतर आपण फक्त भीती वाटून आलो. आणि त्याहून वाईट म्हणजे यंत्राने "ठीक आहे" म्हटलं म्हणून माणूस पाच वर्षं फिरकलाच नाही, तर तपासणी न करण्यापेक्षा ते जास्त नुकसान. काचबिंदूत नसेचा बराच भाग गेला तरी फील्ड बऱ्यापैकी नीट येऊ शकते. फील्ड ही सुरुवातीची घंटा नव्हे. सुरुवातीला नस बघावी लागते आणि प्रेशर मोजावं लागतं, आणि या दोन्ही गोष्टी कुठल्याही हेडसेटला जमत नाहीत.

म्हणून गावात नेण्यासाठी मला आधी नसेचा फोटो काढणारा छोटा कॅमेरा आवडेल, जो फोटो इंटरनेटवरून शहरातल्या डॉक्टरकडे पाठवता येतो. हेडसेट त्याच्या जोडीला.

शाळेतल्या मुलांसाठी तर हेडसेट मुळीच नको. तिथे प्रश्न बहुतेक चष्म्याचा असतो, आणि त्याला सहा मीटर मोकळी जागा, उजेड आणि ई अक्षराचा तक्ता पुरतो.

---

धारणीचे_गुरुजी | सोमवार, रात्री ९:१२

तक्ता आम्ही वापरतो. व्हरांड्यात एका खिळ्याला सहा मीटरची सुतळी बांधून ठेवली आहे, टोकाला गाठ. मूल गाठ धरून उभं राहतं, म्हणजे अंतर चुकत नाही. ई चं तोंड जिकडे तिकडे हात दाखवायचा. कोरकू मुलांना अक्षर वाचता आलं नाही तरी चालतं. गेल्या वर्षी चौथीतली एक मुलगी उजव्या डोळ्याने वरची एकच ओळ सांगू शकली. डावा डोळा उत्तम, म्हणून कुणाला कळलंच नव्हतं. ती नुसती बसून ऐकते, फळ्यावरचं लिहून घेत नाही, म्हणून मी तिला रागावायचो. आजही ते आठवलं की जिवाला लागतं.

---

अनघा_एडिसन | मंगळवार, सकाळी ८:४४

गुरुजी, तुमच्या त्या विद्यार्थिनीसारखीच माझी मुलगी. एका डोळ्याला नंबर जास्त, दुसरा जवळजवळ बरा, त्यामुळे मेंदूने कमकुवत डोळ्याचं ऐकायचंच सोडून दिलं. आळशी डोळा म्हणतात तो. आम्हाला ती पाच वर्षांची असताना कळलं.

आधी चष्मा, मग चांगल्या डोळ्यावर पट्टी, रोज दोन तास. ते दोन तास आमच्या घरात रोजची लढाई होती. पट्टी काढताना भुवईचे केस निघायचे, गालावर लाल चौकोन उमटायचा. शाळेत लावून जायला ती तयार नसायची.

नंतर डॉक्टरांनी हेडसेटवरचे उपचार लिहून दिले. ल्युमिनोपिया त्याचं नाव, इथे अमेरिकेत त्याला एफडीएने (औषधं-उपकरणांना मान्यता देणारं सरकारी खातं) ऑक्टोबर २०२१ मध्ये ४ ते ७ वयाच्या मुलांसाठी मान्यता दिली आहे. रोज एक तास, आठवड्यातून सहा दिवस, मुलांचेच कार्यक्रम बघायचे. चांगल्या डोळ्याला चित्र फिकट दाखवतात आणि दोन्ही डोळ्यांना चित्राचे वेगवेगळे तुकडे देतात, त्यामुळे पूर्ण चित्र दिसायला दोन्ही डोळे वापरावेच लागतात. मान्यतेआधीच्या चाचणीत १०५ मुलं होती. १२ आठवड्यांत उपचार घेणाऱ्यांची नजर तक्त्यावर सरासरी १.८ ओळींनी सुधारली, नुसता चष्मा लावणाऱ्यांची ०.८ ओळीने.

माझ्या लेकीच्या दोन ओळी सुधारल्या. पण इथे मुद्दा असा की सुधारल्या हे हेडसेटने नाही सांगितलं. दर वेळी डॉक्टरांच्या खोलीत तक्त्यासमोर उभं करूनच मोजलं. उपचार घरी, मोजमाप तिथे. आणि ते चिठ्ठीवरच मिळतं, हे अ‍ॅप घेऊन आपल्या मनाने लहान मुलांच्या डोक्यावर हेडसेट चढवू नका. क्वेस्ट बनवणाऱ्या कंपनीनेच वयाची खालची मर्यादा १० वर्षं ठेवली आहे.

---

कराडचे_आप्पा | मंगळवार, दुपारी ३:३०

मला २२ वर्षं मधुमेह आहे. हेडसेटवर माझ्या डोळ्याच्या आतला पडदा तपासता येईल का? पायांना मुंग्या येतात म्हणून बाहेर जाणं जिवावर येतं.

---

निशिगंध_नेत्र | मंगळवार, रात्री ८:२०

आप्पा, नाही. मधुमेहात पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरतात, ते आत डोकावून किंवा फोटो काढूनच दिसतं. नजर उत्तम असतानाही पडदा खराब झालेला असू शकतो. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा दाखवायलाच हवा. शेवटचा कधी दाखवला होता? एक वर्ष उलटलं असेल तर या महिन्यात जाऊन या. आणि त्या दिवशी सोबत कुणीतरी असू द्या, थेंबांनी चार-पाच तास पुसट दिसतं.

वाशिष्ठीकाठ ताई, तुमच्या बाबांबद्दल. तुमच्या डॉक्टरांकडे डोक्यावरचं फील्ड मशीन आहे का विचारा. नसेल तर ज्यांच्याकडे आहे अशांचं नाव तेच सांगतील. फक्त एक लक्षात असू द्या, एका यंत्राचा रिपोर्ट दुसऱ्याच्या जुन्या रिपोर्टशी जुळवून "वाढलं" किंवा "थांबलं" म्हणता येत नाही. बदललं तर तिथून नवी मोजणी सुरू होते.

तोवर घरी एक करा. बाबांसमोर हातभर अंतरावर, डोळ्यांच्या समान उंचीवर बसा. त्यांचा उजवा डोळा झाकायला सांगा, तुम्ही तुमचा डावा झाका. त्यांनी तुमच्या उघड्या डोळ्यात बघत राहायचं. तुम्ही दोघांच्या मधोमध हात धरून चारही कोपऱ्यांत एक किंवा दोन बोटं दाखवा. जिथे तुम्हाला दिसतात पण त्यांना नाहीत, ती जागा लिहून ठेवा. मोठंच नुकसान असेल तेवढं यात कळतं, त्यामुळे काही सापडलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. पण सापडलं तर थांबू नका.

---

वाशिष्ठीकाठ | रविवार, रात्री ११:१०

काल चिपळूणला आले. आज सकाळी पडवीत बाबांना समोर बसवलं आणि डॉक्टरताईंनी सांगितलं तसं केलं. उजव्या डोळ्याने सगळी बोटं बरोबर सांगितली. डाव्या डोळ्याने खालची दोन्हीकडची सांगितली. वर, नाकाच्या बाजूला हात नेला तर शांत. मी म्हटलं, "बाबा, किती?" तर म्हणाले, "दाखव ना आधी." माझी दोन बोटं तिथेच होती.

आई दारात उभी राहून बघत होती. तिने नंतर स्वयंपाकघरात सांगितलं की दोन महिन्यांपासून त्यांचं डोकं वरच्या फडताळाच्या उघड्या दाराला लागतंय. ती म्हणायची लक्ष नसतं तुमचं. मंगळवारची वेळ घेतली आहे.

---

वाशिष्ठीकाठ | गुरुवार, रात्री ९:३५

परवा जाऊन आलो. लिहायला दोन दिवस लागले.

आमच्या डॉक्टरांकडे डोक्यावरचं फील्ड मशीन नव्याने आलं आहे. आधी त्यावर केली, मग बाहेर बसवून अर्ध्या तासाने जुन्या मशीनवर, जुन्या रिपोर्टशी जुळवायला. हेडसेटवाली बाबांनी खुर्चीत मागे टेकून एका दमात पूर्ण केली. जुन्या मशीनवर मी आधीच टेबल वर घ्यायला लावलं. निम्मे ठिपके कुणालाच दिसत नाहीत हे त्यांना पाठ करून आणलं होतं. दोनदा बटण दाबून धरून त्यांनी दम घेतला. चार वर्षांत पहिल्यांदा रिपोर्ट भरवशाचा आला. चष्मेघर, तुमचे किती आभार मानू?

रिपोर्ट चांगला नाही. डाव्या डोळ्यात वरचा भाग वाढला आहे. दोन्ही यंत्रांनी तेच दाखवलं. प्रेशर डाव्यात २६ निघालं. थेंब चालू असताना इतकं कसं म्हणून डॉक्टरांनी बाबांच्या हातात बाटली दिली आणि म्हणाले, घालून दाखवा बरं. बाबांनी मान वर केली, हात थरथरत वर गेला, आणि थेंब पापणीवर पडून गालावरून ओघळला. दुसरा भुवईवर. तिसरा कुठे गेला कळलंच नाही. बाबा म्हणाले, "रोज असाच घालतो." आई रडायलाच लागली. रात्री ती देवापाशी असते आणि बाबा आतल्या खोलीत स्वतःच घालतात, त्यामुळे तिने कधी पाहिलंच नव्हतं. बाटली महिन्याची महिन्याला संपत होती, म्हणून आम्हीही निश्चिंत.

मी महिनाभर हेडसेट, अ‍ॅप, पिक्सेल वाचत बसले होते. एकदाही त्यांना थेंब घालताना बघितलं नाही.

गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली राखायची आहे, असं डॉक्टर म्हणाले. थेंब बदललेला नाही. तोच, पण डोळ्यात पडलेला, एक महिना बघू म्हणाले.

---

निशिगंध_नेत्र | गुरुवार, रात्री १०:०२

ताई, तुम्ही वेळेत नेलंत. हे माझ्या ओपीडीत आठवड्याला एकदा तरी घडतं, तुमच्या घरची चूक समजू नका.

आता थेंब आईंनी घालावेत. बाबांना पलंगावर उताणं झोपवायचं, उशी नको. आईंचे हात धुतलेले. एका बोटाने खालची पापणी हलकी खाली ओढायची म्हणजे छोटी ओंजळ होते, तिच्यात एकच थेंब. बाटलीचं तोंड डोळ्याला किंवा पापणीला लागू द्यायचं नाही. मग डोळा अलगद मिटायचा, मिचकवायचा नाही, आणि नाकाकडच्या कोपऱ्यावर बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचं. नाहीतर औषध नाकात उतरतं. पुढेमागे दुसरा थेंब लावला तर दोन्हींमध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची, लगेच घातला तर पहिला वाहून जातो.

आणि तुम्हाला भाऊबहीण आहेत का? काचबिंदू असलेल्याच्या मुलांना आणि सख्ख्या भावंडांना तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. वयाची चाळिशी ओलांडली असेल तर प्रेशर आणि नस दाखवून घ्या.

---

समीर_ह | गुरुवार, रात्री १०:२०

ताई, बाबांना समुद्राचं ते दाखवणं बंद करू नका, त्यांना आवडतं आहे तर. फक्त बसूनच बघू द्या, वरचं दिसत नाही म्हणून उभं राहून नको. आणि हेडसेट पडवीत उन्हात ठेवू नका. भिंगातून ऊन आत गेलं की पडदा जळतो.

---

वाशिष्ठीकाठ | शुक्रवार, रात्री ९:४८

आत्ताच आईचा व्हिडिओ कॉल होता. फोन उशीला टेकवून ठेवला होता. बाबा उताणे, आईने पापणी धरली, थेंब बरोबर आत. मग ती नाकापाशी बोट दाबून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली, पूर्ण दोन मिनिटं. बाबा म्हणाले, "गार लागलं डोळ्यात. आजवर कधी लागलं नव्हतं."

फडताळाचं दार काढून टाकलंय, पडदा लावला आहे.

मी ४६, दादा ५१. आम्हा दोघांची तपासणी येत्या २० तारखेला.